नेमकं कोणत्या पानावर?

*बाई, नमस्कार.*

*माझा मुलगा यंदा सातवीतून आठवीत गेला. आम्ही इंदिरानगरला राहतो, दोघंही नोकरी करतो. चौथीपर्यंत या मुलाच्या हातून पुस्तक सुटत नव्हतं. जेवताना ताटाशेजारी पुस्तक, गाडीत पुस्तक. गणितात वर्गात पहिला. माझे सासरे लासलगावला आडतीच्या दुकानात दिवाणजी होते. ते तेव्हा आमच्याकडे राहायचे, त्यांनी त्याच्याकडून तीसपर्यंत पाढे आणि पावकी, निमकी, पाऊणकी सगळं करून घेतलं होतं. आता ते लासलगावला धाकट्या दिरांकडे असतात.*

*पाचवीपासून सेमी-इंग्लिश घेतलं. वाचन सुटू नये म्हणून एक पुस्तक वाचलं की पन्नास रुपये, असं ठरवलं. दोन-तीन महिने छान चाललं, मग बंदच पडलं. आज घरात दीडशे पुस्तकं आहेत, एकालाही हात लावत नाही. शेवटच्या घटक चाचणीत गणितात वीसपैकी सहा. ‘मला गणित नाही आवडत, संपलं,’ एवढंच म्हणतो. मराठीबद्दल परवा म्हणाला, ‘कविता आवडली का ते कोणी विचारतच नाही, यमक जुळणारे शब्द शोधायला सांगतात.’ क्लास लावला. मोबाइल काढून घेतला, परत दिला. उपयोग शून्य.*

*आणि खरं सांगू? मीही तीन वर्षांत एक पुस्तक पूर्ण केलेलं नाही. सगळे वाचतात म्हणून आणलेली सहाशे पानांची कादंबरी उशाशी पडून आहे. रात्री उघडते, तेच पान चार वेळा वाचते आणि मोबाइल हातात घेते. माणसाची गोडी अशी उडते कशी? आणि परत येते का?*

*– एक आई, नाशिक*

प्रिय ताई,

तुमचं पत्र पेन्सिल हातात घेऊन वाचलं आणि दोन ठिकाणी खूण केली. एक ‘पन्नास रुपये’. दुसरी ‘ते तेव्हा आमच्याकडे राहायचे’. ही दोन्ही वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिली आहेत, पण मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. त्यातली शेवटची चौदा वर्षं शाळेची लायब्ररीही सांभाळली. एवढ्या काळात जिची गोडी आपोआप उडाली अशी मुलगी किंवा असा मुलगा मला भेटला नाही. गोडी कुठेतरी जाते. एखाद्या पानावर, एखाद्या तासाला, कोणाच्या तरी एका वाक्याने. आपण मोठी माणसं ती जागा पाहिलेली नसते, आणि मुलांना ती सांगता येत नाही, कारण त्यांना पान आठवत नाही, पोटात आलेला गोळा तेवढा आठवतो. मग ती ‘आवडत नाही’ म्हणतात. ‘कळत नाही’ म्हणण्यापेक्षा ते सोपं असतं. ‘आवडत नाही’ म्हटलं की निदान मान राहतो. म्हणून ‘का आवडत नाही?’ हा प्रश्न आजपासून सोडून द्या. त्याच्याकडे त्याचं उत्तर नाही. आपण शोधायचं ते पान.

आधी पन्नास रुपये. तुमच्या हातून जे झालं तेच माझ्या हातून वेगळ्या रूपात झालं, म्हणून ते सांगते.

लायब्ररी माझ्याकडे आली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने ‘वाचन वही’ सुरू केली. पुस्तकाचं नाव, लेखक, आवडलेलं पात्र, पुस्तकातून मिळालेली शिकवण, खाली पालकांची सही. पहिल्या दोन महिन्यांत वह्या भराभर भरल्या. दिवाळीनंतर सहावीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. हातात चांगलं जाड पुस्तक, बरोबर मध्यावर लाल लोकरीच्या दोऱ्याची खूण. तिने विचारलं, ‘बाई, न लिहिता वाचलं तर चालेल का?’ मी म्हटलं, ‘अगं, लिहिल्याशिवाय लक्षात कसं राहील?’ तिने काही वाद घातला नाही. पुस्तकातला दोरा हळूच ओढून घेतला, बोटाला गुंडाळला, पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि गेली. त्या वर्षी ती पुन्हा लायब्ररीत आली नाही. मी काय केलं ते मला कळायला जून उजाडला. वह्या बंद केल्या, पण त्या मुलीचं पुस्तक अर्धं राहिलं ते राहिलंच. त्याची रुखरुख मला आजही आहे.

याच गोष्टीवर १९७३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, तो शिक्षकांना आणि आईवडिलांना माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर ते दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन वर्गात नुसते ठेवले आणि कोण किती वेळ त्यात रमतं ते पाहिलं. बक्षीस ठरवून ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली होती, ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी थांबली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. म्हणजे दोष बक्षिसात नव्हता, ठरावात होता. ‘हे केलंस तर ते मिळेल’ म्हटलं की मुलाच्या मनात त्या कामाची जागा बदलते. कालपर्यंत जे आपल्यासाठी करत होतो, ते आता कोणासाठी तरी करायचं काम होतं. आणि काम म्हटलं की माणूस ते लवकर उरकायला बघतो. आठवून बघा, त्या दोन-तीन महिन्यांत तो पातळ पातळ पुस्तकं निवडायला लागला होता का? माझा अंदाज आहे, लागला असणार. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पुस्तकागणिक दर ठरल्यावर जाड पुस्तक कोण घेईल?

तुम्ही वाईट हेतूने काही केलं नाहीत, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. पण तो ठराव मोडलाय हे त्याला तुमच्या तोंडून कळायला हवं, नाहीतर तो त्याच्या मनात चालूच राहतो. सरळ सांगा: ‘ते पैशांचं मी ठरवलं, ते चुकलं. आता कुठल्या पुस्तकाचे पैसे नाहीत आणि कुठल्या पुस्तकाबद्दल प्रश्नही नाहीत.’ एवढं बोलून उठा. पुढे समजावत बसू नका.

आणि कवितेबद्दल तो जे बोलला, ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय. कविता आवडली का हे कोणी विचारत नाही याचं ज्याला वाईट वाटतं, त्याची कवितेची गोडी गेलेली नाही. त्याच्याशी कवितेविषयी कोणी बोललेलं नाही, एवढंच. हे कुसुमाग्रजांचं गाव आहे. २७ फेब्रुवारीला आपण इथे केवढा सोहळा करतो, आणि आपल्याच मुलांना कविता भेटते ती ‘चौकटी पूर्ण करा’ आणि ‘आकृतिबंध पूर्ण करा’ यांच्यामधून. कृतिपत्रिका, म्हणजे परीक्षेचा तो कागद, सोडवायला लागेलच, ती सोडवू दे. पण एखाद्या रात्री जेवण झाल्यावर त्याच्या पुस्तकातली एक कविता तुम्ही मोठ्याने वाचा आणि तुम्हाला त्यातली कुठली ओळ आवडली नाही ते सांगा. आवडलेली नव्हे, न आवडलेली. मुलांना वाटत असतं की पुस्तकातलं सगळं आवडलंच पाहिजे. ती सक्ती सुटली की ती बोलायला लागतात.

आता गणित. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

तुमच्या सासऱ्यांनी नातवाकडून पावकी-निमकी करून घेतली हे वाचून फार बरं वाटलं. ही कोष्टकं आता घरांतून गेलीच. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी. आडतीवरच्या दिवाणजीचं सगळं काम त्यांवर चालायचं. म्हणजे तुमचा मुलगा चौथीतच अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून बसला होता. पाच वेळा पाऊण म्हणजे पावणेचार, हे त्याच्या कानात होतं, आणि आजोबांच्या आवाजात होतं.

मग पाचवी आली. फळ्यावर ‘थ्री अपॉन फोर’ आलं. न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, पुढे एलसीएम म्हणजे लसावि, असे सगळे आले. त्याच सुमारास आजोबा लासलगावला गेले. थ्री अपॉन फोर म्हणजे तुझी ती पाऊण, हे त्याला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. सेमी-इंग्लिश घेतलंत ही चूक नाही, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. मी स्वतः सेमीच्या वर्गांना शिकवलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही हे सांगत नव्हते. मला वाटायचं, एवढं तर मुलांना कळतच असेल.

घरी एक करून बघा. भाजी आणताना सहज विचारा, पाऊण किलो आणि अर्धा किलो मिळून किती? तो ‘सव्वा’ म्हणेल, विचारही करणार नाही. दोन दिवसांनी कागदावर ३/४ + १/२ लिहून द्या. माझ्या वर्गात या गणिताचं उत्तर मला कितीतरी वेळा ४/६ मिळालंय. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. आता ४/६ हे पाऊणपेक्षाही कमी. म्हणजे पाऊण किलोत अर्धा किलो घातला आणि पिशवी हलकी झाली. ज्याला सव्वा माहीत आहे तोच मुलगा हे लिहितो, कारण त्याच्या लेखी या दोन वेगळ्या दुनिया आहेत. एक मंडईतली, एक वहीतली. मंडईतल्या दुनियेत तो हुशार आहे आणि वहीतल्या दुनियेत ‘ढ’. कुठलाही शहाणा मुलगा अशा वेळी वहीकडे पाठच फिरवेल.

त्याने बरोबर ५/४ लिहिलं तर माझा अंदाज चुकला असं समजा. मग ते पान पुढचं असेल, पूर्णांकांच्या गुणाकाराचं असेल, ऋण गुणिले ऋण धन का होतं याचं असेल. शोध थांबवू नका. इतिहासातला एखादा धडा बुडाला तरी पुढचा वाचता येतो. गणितात अपूर्णांक अर्धवट राहिले की सातवीतलं प्रमाण अडतं, प्रमाण अडलं की आठवीतलं चलन अडतं, आणि बैजिक राशींचे अवयव पाडताना तर काहीच हाताला लागत नाही. क्लासमध्ये बहुधा चालू धडा घेतात. तुमच्या मुलाचा अडसर चालू धड्यात नाहीच.

माझी पहिली अकरा वर्षं दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत गेली. तिथे सातवीत एक मुलगा होता, द्राक्षबागायतदाराचा. सम प्रमाणाच्या चाचणीत त्याने कोरा कागद दिला आणि नंतर चार दिवस शाळेतच आला नाही. मी त्याच्या घरी गेले. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी, होऊन बागेतले कोवळे घड पोपटी दिसायला लागलेले, जीए या वाढीच्या औषधाची फवारणी चाललेली. बापलेक ब्लोअरच्या टाकीशी उभे. वडिलांनी विचारलं, ‘किती घेतलं?’ पोरगा म्हणाला, ‘सहा ग्रॅम.’ वडील म्हणाले, ‘वरच्या तुकड्याला एवढं पाणी लागायचं नाही, साडेचारशेच कर.’ ‘मग साडेचार,’ असं म्हणत त्याने छोट्या काट्यावरची पूड परत पुडीत झटकायला सुरुवातही केली. मी विचारलं, ‘हे कसं काढलंस?’ तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, ‘धा पीपीएम मारायचंय ना, बाई. शंभर लिटरला एक ग्रॅम. टाकी सहाशेची.’ हेच गणित मी चाचणीत घातलं होतं, फक्त त्यात मजूर होते आणि त्यांची मजुरी होती. आणि पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग, हे त्या वर्षी मला त्या मुलाकडून कळलं. पुढच्या आठवड्यात फळ्यावर टाकी काढली आणि गणित त्याला सांगायला लावलं. तो गणितात पहिला वगैरे आला नाही. पण त्याने पुन्हा कधी कोरा कागद दिला नाही.

लेखक आर. के. नारायण राज्यसभेवर होते तेव्हा त्यांनी मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल कळवळून भाषण केलं होतं. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९३ साली तिने अहवाल दिला, त्यातली एक गोष्ट मी कधी विसरले नाही: दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक आहे. आपण अजून दप्तरंच मोजतो.

तर आता करायचं काय? बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाचवी, सहावी, सातवीची गणिताची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. सातवीच्या पुस्तकापासून सुरुवात करून मागे मागे जायचं. प्रत्येक धड्यातली दोन उदाहरणं. जिथे तो ‘हे काय, सोप्पंय’ म्हणेल तिथे थांबायचं, आणि त्याच्या लगेच पुढचं पान तेच आपलं. रोज वीस मिनिटं पुरे.

पण हे तुम्ही करू नका. नोकरीवरून दमून आलेली आई गणित घ्यायला बसली की दहाव्या मिनिटाला आवाज चढतो, हे मी माझ्या घरात पाहिलंय. हे काम त्याच्या आजोबांचं. सुट्टी अजून शिल्लक आहे, मुलाला आठ दिवस लासलगावला पाठवा. पुस्तकं बरोबर द्या आणि सासऱ्यांना आधी फोन करून एवढंच सांगा की शिकवायचं नाही, शिकायचं. थ्री अपॉन फोर म्हणजे काय, हे नातवाने आजोबांना समजावून द्यायचं. डिनॉमिनेटरला दिवाणजी काय म्हणायचे ते आजोबांनी सांगायचं. त्या दोन दुनियांमधला पूल त्या घरातच बांधला जाईल. शाळा सुरू झाल्यावर रोज रात्री दहा मिनिटं फोन. तुमच्या मुलाने गणिताबरोबर एक माणूसही गमावला होता, ताई. माणूस तर साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे.

त्या आठ दिवसांसाठी एक खेळ देते. आपल्या देवळालीच्या शाळेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं आणि आयुष्यभर आकड्यांमागे वेड्यासारखे फिरले. मोठी पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. इथल्या पुष्कळ गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटायचं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला ते कळले. त्यांनी १९४९ साली एक गोष्ट शोधली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच. मी १८४० घेते, कारण त्या वर्षी आपलं सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. ८४१० वजा ०१४८ म्हणजे ८२६२. मग ८६२२ वजा २२६८, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ६१७४ ला तेच करून बघा. पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. मुलाला शेवट सांगू नका. जन्मसाल घे, गाडीचा नंबर घे, म्हणा आणि कागद देऊन बाजूला व्हा. मधली एखादी वजाबाकी चुकली तरी बिघडत नाही, पुढच्या नीट केल्या की तो बहुधा ६१७४ लाच पोचेल. लाल पेनाची गरज नाही.

तुम्ही विचारलंत, गोडी परत येते का.

येते, पण ती येताना दिसत नाही. नाशिकच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा बाग बघवत नाही. नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, आणि काड्या. नवख्याला वाटेल, बाग गेली. पण त्यानंतरच्या उन्हातच काडीवरच्या डोळ्यांच्या, म्हणजे मिटलेल्या कोंबांच्या, आत सूक्ष्म घडनिर्मिती होते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी केल्यावर जो घड बाहेर येतो, तो त्या उन्हाळ्यातच आत ठरलेला असतो. म्हणून खरड छाटणीनंतर कोणी वेलीपाशी उभं राहून घड मागत नाही. पाणी देतात, विरळणी करतात, काडीला ऊन मिळेल एवढं बघतात. मी त्या वाचन वह्या बंद केल्या तेव्हाही जून, जुलै, अर्धा ऑगस्ट लायब्ररीत शुकशुकाट होता. मी घाबरले होते. तेव्हा मुलांना मुद्दाम पुन्हा काही विचारायला गेले नाही, हे मात्र बरं केलं.

आता तुमच्याविषयी, कारण पत्रातलं ते वाक्य तुम्ही संकोचून लिहिलंय असं मला वाटलं.

ती सहाशे पानांची कादंबरी तुमच्या उशाशी नाही, उरावर आहे. उद्याच परत करा किंवा कोणाला तरी देऊन टाका. सगळे वाचतात म्हणून वाचायचं, हाही एक ठरावच झाला, फक्त त्यात पन्नास रुपये नाहीत. रात्री साडेदहाला, दिवसभर सगळ्यांना वाटून झाल्यावर जे लक्ष उरतं, ते तुम्ही पुस्तकाला देता. त्या वेळी कोणाच्याही डोळ्यांपुढे अक्षरं नुसती सरकतात. हा तुमच्या आवडीचा दोष नाही, वेळेचा आहे. सकाळी चहाबरोबर पंधरा मिनिटं निघत असतील तर ती घ्या आणि तेवढा वेळ कोणाला काही देऊ नका. कादंबरी नको, कथा घ्या, एका बैठकीत संपणारी. किंवा सोळा-सतराव्या वर्षी जे पुस्तक अभ्यासाखाली लपवून वाचलं होतं ते पुन्हा आणा. माझी स्वतःची दोन वर्षं अशीच कोरडी गेली होती, आईच्या आजारपणात. मला परत आणलं ते मी नववीत असताना वाचलेल्या एका फाटक्या कथासंग्रहाने. पुढचं वाक्य काय येणार हे माहीत होतं, म्हणून भीती नव्हती. आणि पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यात सोडा. सोडलेलं पुस्तक मुलाला दिसू द्या. वाचणारी माणसंही पुस्तकं सोडतात, हे त्याने बघायला हवं.

मोबाइलचं थोडक्यात. तो आधी आला आणि वाचन नंतर गेलं, असं तुमच्या पत्रातून दिसत नाही. जागा रिकामी झाली आणि मोबाइल तिथे येऊन बसला. तेव्हा काढून घेणं आणि परत देणं हा खेळ थांबवा. रात्री नऊनंतर घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, तुमचा आणि त्याच्या बाबांचाही. एवढा एकच नियम.

एकदा डोळे तपासून घ्या. या वयात नंबर झपाट्याने वाढतो आणि मुलं सांगत नाहीत. अक्षरं उलटीपालटी वाचणं, मोठ्याने वाचताना सतत अडखळणं असं काही असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला लाजू नका. आणि पुस्तकांबरोबर क्रिकेट, मित्र, आवडीचं खाणं, सगळ्यावरूनच मन उडालं असेल, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. ती गोष्ट वेगळी आहे, ती अंगावर काढायची नसते. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. यमक जुळणाऱ्या शब्दांवर चिडणारा मुलगा चांगला जिवंत मनाचा आहे.

तो लासलगावहून आला की एका शनिवारी दोघं टिळक पथावर वाचनालयात जा. तुम्ही तुमच्या कपाटांकडे, त्याने त्याच्या. तो क्रिकेटवरचं आणेल, भुताखेताचं आणेल, दुसरीच्या पोरांचं चित्रांचं आणेल, किंवा रिकाम्या हाताने दाराशी उभा राहील. काहीही म्हणू नका. येताना भेळ खा आणि घरी या. पुढच्या शनिवारी पुन्हा जा. घरातल्या त्या दीडशे पुस्तकांपैकी निम्मी पिशवीत भरून माळ्यावर टाका. रोज समोर उभी राहणारी न वाचलेली पुस्तकं हीही एक प्रकारची बोलणीच असतात.

ऑक्टोबरात, गोडी छाटणीच्या सुमारास, मला एक पत्र टाका. सहामाहीचे गुण कळवू नका. कुठल्या इयत्तेचं पुस्तक आणि कुठलं पान निघालं, तेवढं कळवा. आणि सासऱ्यांना डिनॉमिनेटर म्हणता यायला लागलं का, तेही.

तुमची,
बाई